दाराबाहेरची पायताणं

सन्माननीय अध्यक्ष अण्णासाहेब वकील, त्यांच्या शेजारी अंग चोरून बसलेले आमच्या तालमीचे वस्ताद ज्ञानू पैलवान, हौशी नाटक मंडळींचे तरुण चिटणीस बाळासो, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आणि जे मघापासून मला 'आटपा लवकर' अशी खूण करताहेत ते चित्रकार मीरासाब, चिकाच्या पडद्यापलीकडे बसलेल्या माता-भगिनी, आणि मंगळवार पेठेतील समस्त सभ्य गृहस्थहो! सभ्य म्हणतो, कारण आज अध्यक्ष वकील आहेत.

चिटणीसांनी माझी ओळख 'निवृत्त शिक्षक आणि मंडळींचे जुने हितचिंतक' अशी करून दिली. हितचिंतक वगैरे काही नाही हो. मी नृसिंह मास्तर. या सभेतल्या निम्म्या गृहस्थांचे कान माझ्या उजव्या हाताच्या ओळखीचे आहेत. बाळासो, तुमचेसुद्धा! तेव्हा मला थोडा जास्त वेळ लागला तर कुणी चुळबुळ करू नये.

मीरासाब उद्या सकाळच्या गाडीनं मिरजेला लेकीकडे, जरीनाकडे, कायमचे राहायला निघाले आहेत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय. समोर माणूस आहे इतकं त्यांना कळतं, कोण आहे ते आवाजावरून ओळखतात. जाण्याआधी त्यांच्या हातून एक काम व्हायचं आहे. माझ्या पाठीमागं टांगलेला हा पडदा त्यांनीच तरुणपणी रंगवला. तो आज पुसायचा. चौदा साली लढाई सुरू झाल्यापासून पडद्याजोगं कापड मिळेनासं झालं, ते अजून मिळत नाही, आणि आपल्या पोरांना नव्या नाटकाला नवा पडदा हवा आहे. म्हणून जुन्यावरच सरसात कालवलेल्या पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा आणि वर नवं चित्र काढायचं. पडदा पुसताना पहिला हात ज्यानं तो रंगवला त्यानंच द्यायचा, हा आपल्या मंडळींचा शिरस्ता आहे. तो बघा, पांढऱ्याचा डबा तयार आहे. नारळही आहे.

आता एक गोष्ट, जी कार्यक्रमपत्रिकेत नाही पण तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. बाळासो परवा घरी आले, चहा घेतला नाही, उंबऱ्यातच उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, त्या पडद्यावर काकू हैत. तेवढा तुकडा कापून काच लावून तुमच्या भिंतीला लावतो. ऱ्हायल्या कापडाचं आमी बघू काय तरी." मी म्हटलं, उत्तर समारंभात देईन. तेव्हापासून हे पोर माझ्या तोंडाकडं बघतंय. उत्तर देतो. पण काकू, म्हणजे माझी बायको, पडद्यावर कशा गेल्या ते आधी सांगायला हवं, कारण नव्या पिढीला वाटतं ती कुणी गवळण आहे.

सन अठराशे अठ्ठ्याण्णव. आमचे महाराज सरकार गादीवर येऊन चार वर्षं झालेली, गाव कसं उमेदीत होतं! रोज काहीतरी नवं ऐकू यायचं आणि रोज वाटायचं, उद्या याहून नवं येणार. अशा हवेत मास्तर लोकांना जे व्हायचं तेच मला झालं. मी एक फार्स लिहिला. 'पन्नास वर्षांनंतरची पेठ' असा त्याचा विषय. फार्स कसा होता हे विचारू नका. पहिल्या प्रयोगाला लोक हसले नाहीत आणि दुसऱ्याला लोकच आले नाहीत. पण त्याच्यासाठी जो पडदा झाला तो मात्र आजतागायत टिकला. पुढं पौराणिक नाटक असो की ऐतिहासिक, रस्ता दाखवायचा झाला की हाच पडदा. राजा राज्य सोडून वनवासाला निघतोय, पब्लिक डोळे पुसतंय, आणि मागं आमच्या पेठेत पाण्याचा नळ!

मीरासाबांनी हा पडदा तालमीच्या अंगणात जमिनीवर पसरून रंगवला. त्यांचा एक हट्ट होता. म्हणाले, "मास्तर, फुडला काळ तुमच्या एकट्याचा हाय काय? पेठंला इचारतो की." आणि खरोखर दारोदार विचारत हिंडले: पन्नास वर्षांनी तुमच्या दारात काय पाहिजे बोला. असा प्रश्न या गावात आजवर कुणी कुणाला विचारला होता का हो? लोक आधी हसले, मग विचारात पडले, आणि मग जी झुंबड उडाली! प्रत्येकाला पडद्यावर यायचं होतं. ज्ञानू वस्तादांनी सांगितलं, मला तालमीच्या दारात लंगोट लावून, गदा खांद्यावर घेऊन उभा करा. ते बघा, उभे आहेत. मिशा काळ्याभोर, छाती ही एवढी! वस्ताद, वर बघा, लाजू नका. आमच्या बोळातल्या धोंडुबाईंनी आपली म्हैस काढायला लावली. पन्नास वर्षांनंतरही तीच म्हैस, आणि तिच्या पायाशी तेच रेडकू.

आलं ना लक्षात? रस्ता पन्नास वर्षांनी पुढचा, दिवे पुढचे, आकाशात विमान, आणि माणसं सगळी त्या दिवसाची! एकाचा केस पिकला नाही, एकाचा दात पडला नाही. मी मास्तर असून माझ्या ध्यानात आलं नाही. मीरासाब चित्रकार असून त्यांच्या आलं नाही. अवघ्या पेठेत ते एकटीच्या लक्षात आलं.

तिचं नाव कालिंदी. माहेर वाडीचं. गावाचं पुरतं नाव नृसिंहवाडी, पण त्यात नवऱ्याचं नाव येतं ना, म्हणून तिच्या तोंडून नुसतं 'वाडी' एवढंच निघायचं. टांगेवाल्यानं विचारलं, कुठली वाडी, तरी म्हणायची, "दत्ताची! आनि कुठली?" घरात बोलायला फटकळ, आणि माझी आई, आक्का, तिच्याहून फटकळ. मी मधे पेपर तोंडासमोर धरून बसायचो. तो पेपर मी किती वाचला देव जाणे, पण त्याच्या आड मी पुष्कळ हसलोय.

तेव्हा आमच्या बोळात पाणी नव्हतं. कोपऱ्यावरच्या सरकारी नळाच्या चावीवर रांग लावायची, घागर भरायची, डोक्यावर आणायची. जाता-येता तालमीचं अंगण लागे. एके दिवशी ती भरल्या घागरीनिशी तिथं थांबली, पडदा बघितला आणि मीरासाबांना म्हणाली, "मीरासाबभाऊ, ह्ये फुडलं साल काढताय न्हवं?"

"व्हय वैनी."

"मग ही मानसं का वाढंनात? त्या ज्ञानूभावजींस्नी पन्नास वर्सं भूक न्हाय लागली, का वय न्हाय लागलं?"

मीरासाबांनी कुंचला खाली ठेवला. ती पुढं म्हणाली, "मलाबी काढा. पर म्हातारी काढा."

आता तुम्हीच सांगा, त्या काळात घरंदाज घरची सून नाटकाच्या पडद्यावर? घरात हलकल्लोळ झाला. आक्कांनी जेवण टाकलं. मीसुद्धा म्हणालो, अगं, लोक काय म्हणतील? तर ही मला म्हणाली, "तरन्या बाईला लोक नावं ठेवत्यात. म्हातारीला कोन इचारतंय? म्हातारी झाल्यावर बाईला कुठंबी हुबं ऱ्हाता येतंय." यावर आक्कांनी ताट पुढं ओढलं. त्या स्वतः म्हाताऱ्या होत्या, त्यांना पटलं.

पण तरुण बाईचं म्हातारपण काढायचं कसं? दत्ताच्या उत्सवाचा प्रसाद घेऊन तिची आई वाडीहून आली होती. मीरासाबांनी त्या माउलीला आमच्या ओसरीवर बसलेली एकदा नीट बघून घेतली. म्हणाले, "वैनी, कपाळ, गाल, हनुवटी समदं आईचंच घेतो. तुमी फुडं अशाच दिसनार." तिची आई विधवा होती. ही म्हणाली, "घ्या. कुंकू तेवढं माझं ठसठशीत काढा."

आणि तिनं जे जे सांगितलं ते सगळं मीरासाबांनी काढलं. तुम्ही इथून बघू शकता. डावीकडून तिसरं घर, आमचं. दारात पितळी नळ. नळ बंद आहे, घागर भरलेली आहे, आणि म्हातारी कमरेवर हात ठेवून नुसती उभी आहे. मीरासाबांनी विचारलं होतं, काय करताना काढू? दळताना, निवडताना? तर म्हणाली, "पानी दारात आल्यावर मी कशाला काय करू? मी नुस्ती हुबी ऱ्हाणार. येनाऱ्या-जानाऱ्याला बघनार." गृहस्थहो, मी भविष्यकाळावर फार्स लिहिला, त्यात आगगाड्या घातल्या, विजेचे दिवे घातले. हिनं भविष्यकाळाकडं काय मागितलं? घटकाभर काही न करता दारात उभं राहणं.

"आनि मास्तर?" मीरासाबांनी विचारलं.

"ते आत हायती. पेपर वाचत बसल्यात म्हना."

"ते दिसायचं कसं, वैनी?"

"उंबऱ्याभायेर पायताणं काढा की त्यांची. म्हंजे कळतंय, घरात हायती."

ती बघा पायताणं. एक सरळ आहे, एक पालथं. ते पालथं का, म्हणून मी विचारलं, तर मीरासाब म्हणाले, "तुमी तसंच काढताय, मास्तर. वैनींनी मुद्दाम सांगितलंय."

पुढच्या सालात गाठीचा ताप, प्लेग, आला. गाव ओस पडलं. आम्ही उचगावच्या माळावर तट्ट्याच्या झोपड्या घालून राहिलो. बाकीची पेठ परत आली, ती माळावरच राहिली. याहून जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही. ज्या घरात झालं त्यांना ठाऊक आहे, आणि या सभेत असं घर नसलेला कोण आहे?

आता मूळ विषयाकडं येतो. मला बोलायला सांगितलं आहे ते मीरासाबांच्या कलेवर. त्यांनी काढलेल्या भविष्यातलं किती खरं झालं? पडद्यावर रस्ताभर विजेचे दिवे आहेत. आपल्या पेठेत अजून कंदील, आणि त्याची काच पुसायला माणूस विसरतो. पडद्यावर पोरी पाटी घेऊन शाळेला निघाल्या आहेत. हे मात्र झालं हो, सरकारांच्या कृपेनं झालं, आणि मी स्वतः त्यांना शिकवलं. फक्त त्या चित्रातल्यासारख्या रांगेत चालत नाहीत, इतकंच. आणि विमान! मीरासाबांनी विमान काढलं, त्यातून पेठेवर फुलं पडताहेत असं दाखवलं. ज्ञानू वस्तादांचा मुलगा पलटणीतून बसऱ्याच्या लढाईला गेला होता, तो सुखरूप परत आला. मला म्हणाला, "मास्तर, इमान बघितलं. पर त्यातनं फुलं न्हाय पडत."

आणि नळ. नळ आला. माझ्या दारात, चित्रातल्याच जागी, हातभर अलीकडं. ज्या दिवशी प्लंबरनं चावी सोडली आणि पाणी आलं, त्या दिवशी बोळातल्या सगळ्या बायका जमल्या, धोंडुबाईंनी नळाला हळदकुंकू वाहिलं. मी घागर लावली आणि वर बघितलं. कुणाकडं बघितलं ते तुम्हांला सांगायला नको. आता रोज पहाटे पाणी येतं, थोडाच वेळ येतं, आणि भरायला मी असतो. कमरेवर हात ठेवून उभं राहायची सोय कुठाय? थोडी उसंत घेतली की पाणी जातं. अगं बाई, हे तू सांगितलंच नव्हतंस, की नळ दारात आला तरी त्याच्यासाठी उठावं लागतं!

लोक म्हणतात, मास्तरांना नाटकाचं भारी वेड, एक प्रयोग चुकवत नाहीत. डावीकडची पहिली खुर्ची माझी, हे सगळ्यांना पाठ. आज खरं सांगतो. मला नाटकातलं काही कळत नाही. रस्त्याचा प्रवेश आला की मी ताठ बसायचो आणि जंगलाचा पडदा पडला की मला डुलकी यायची. आक्कांनी दुसऱ्या लग्नाचा लकडा लावला होता. मी म्हणायचो, घरात एक म्हातारी आहे, पडद्यावर एक आहे, तिसरी कशाला? आक्का रागवायच्या. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं, तेव्हा मात्र मी नाटकाहून आलो की विचारायच्या, "बरी हाय काय रं ती?" मी म्हणायचो, बरी आहे.

पण पहिल्या वर्षांत मला त्या खुर्चीत मोठं अवघडल्यासारखं व्हायचं. मी काळ्या मिशांचा गडी आणि ती पिकल्या केसांची. परक्यानं बघितलं तर म्हणावं, आई-मुलगा आहेत. मग माझाही एकेक केस पिकायला लागला. लोकांना पिकला केस दिसला की वाईट वाटतं, ते उपटतात. मी नाही उपटला. दात पडले, चष्मा आला, पाठ जरा वाकली. यंदा दिवाळीला मंडळींनी पडदा झटकायला काढला, तेव्हा मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. शेजारी मीरासाब होते. त्यांना विचारलं, काय हो, कसं दिसतंय? त्यांना दिसत नव्हतंच काही. पण त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला, गालावरून, कपाळावरून, आणि म्हणाले, "आता शोबतोय जोडा."

(टाळ्या नकोत. कृपा करून टाळ्या नकोत. मला पुढचं बोलू द्या.)

तर बाळासो, तुमचं उत्तर. तुम्ही जे देऊ केलंत ते कुणा पोटच्या पोरानं केलं नसतं. मधला तुकडा कापला की सगळं कापड वाया जाणार आणि तुमचं नाटक अडणार, हे ठाऊक असून तुम्ही उंबऱ्यात उभे राहून विचारलंत. मी त्या दिवशी घरात भिंतीवर जागासुद्धा बघून ठेवली. खिळा मारला. मग त्या खिळ्याकडं बघत बसलो. आणि मला वाटलं, इथं आणून तिनं बघायचं काय? पहाटे घागर घेऊन धडपडणारा मी? तिला रस्त्यावर उभं राहायचं होतं, येणारा-जाणारा बघायचा होता. समोर ज्ञानूभावजी, शेजारी ती न म्हातारी होणारी म्हैस, शाळेला निघालेल्या पोरी. तिच्या भोवतालची पेठ कापून टाकायची आणि ती एकटी माझ्या भिंतीला लावायची? नाही. तुकडा कापू नका. कापड अखंड राहू दे.

काल मी मीरासाबांना विचारलं, पांढरा हात दिल्यावर खालचं जातं कुठं? ते म्हणाले, "जाईल कुठं मास्तर? खालीच असतंय की. नुस्तं झाकतंय." माझं काम झालं.

नव्या पडद्यावर तुम्ही काय काढणार ते मला कळलंय. तुम्हीही पन्नास वर्षांनंतरची पेठच काढणार आहात. मोटारी काढणार, बोलणारा सिनेमा निघणार आहे म्हणतात, तोही काढणार. खुशाल काढा. मी हसणार नाही. एवढंच सांगतो, मास्तर म्हणून नाही, डावीकडच्या पहिल्या खुर्चीतला माणूस म्हणून. पोरांनो, त्यात स्वतःला म्हातारे काढा. आणि त्या वेळी शेजारी कोण हवं, तेही चित्रकाराला आत्ताच सांगून ठेवा. रस्ते, दिवे, नळ येतील, नाहीतर नाही येणार. त्याची काळजी करणारे पुष्कळ आहेत.

मीरासाब, तुम्ही उद्या जाणार. मी तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? मला भाषेचा विषय शिकवायला होता तरी सापडत नाहीत. तिचं म्हातारपण मला कुणी दाखवलं असतं? तुम्ही नसता तर मी एका तरुण बाईची आठवण काढत म्हातारा झालो असतो, आणि शेवटी ती मला मुलीसारखी वाटायला लागली असती. तुम्ही ती माझ्या वयाची करून ठेवलीत. मिरजेला जरीनाला सांगा, मास्तरांनी नमस्कार सांगितलाय. आणि गाडीत खिडकीशी बसा, दिसत नसलं तरी.

अध्यक्षमहाराज, आपण वेळ दिलात, मंडळींनी मान दिला, माता-भगिनींनी चिकाआडून इतका वेळ हुंकार न देता ऐकून घेतलं, सगळ्यांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाच्या मिशा, कुणाची म्हैस निघाली असेल, घरचं बोलणं चारचौघांत आलं असेल, तर म्हातारा बोलला म्हणून पदरात घ्यावं.

चला मीरासाब, उठा. हात द्या माझ्या हातात. हा कुंचला. विमानापासून सुरुवात करू, तसाही त्याच्यावर माझा राग आहे. मग दिवे, मग तालीम. आपल्या दाराशी शेवटी येऊ, सावकाश. तुम्हांला जागा दिसणार नाही, मी दाखवतो. आणि सभेतल्या कुणीही, तिच्यावरून पांढरा हात फिरताना, बिचारी एकटी गेली असं मनात आणू नये. पायताणं दाराबाहेर आहेत. मी घरातच आहे.